मेंदी कोणी आणली?

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. सातवीच्या मुलांना दरवर्षी ‘माझ्या ओळखीचे झाड’ या विषयावर छोटा प्रकल्प करायला देते. बहुतेक जण आंबा नाहीतर नारळ घेतात. चित्र चिकटवायचं, उपयोग लिहायचे, झालं. मागच्या वर्षी एका मुलीने मेंदी निवडली. पानं दाबून सुकवली होती, फुलांचा एक तुराही चिकटवला होता. मी खूश झाले. मग पहिलं वाक्य वाचलं. ‘मेंदी हे झाड मोगलांनी बाराव्या शतकात भारतात आणले.’

सवयीने लाल रेघ ओढली. बाबराने पानिपत जिंकलं १५२६ साली. बाराव्या शतकात मोगल नावाची सत्ता हिंदुस्थानात नव्हती, बाबर जन्मायलाही अजून काही शतकं होती. तिला बोलावून विचारलं, हे कुठून उतरवलंस? ती म्हणाली, “टीचर, इंटरनेटवर असंच लिहिलंय.”

घरी येऊन पाहिलं तर खरंच लिहिलेलं आहे. इंग्रजीत आहे, हिंदीत आहे, मराठीतही आहे. लग्नाच्या मेंदीच्या जाहिरातीपासून ब्यूटी पार्लरच्या माहितीपत्रकापर्यंत हेच एक वाक्य फिरतंय. कोणी अभिमानाने लिहितो, बघा, ही आमची देणगी. कोणी रागाने लिहितो, बघा, हेही त्यांनीच घुसवलं. पण मोगल आणि बारावं शतक एकत्र कसं बसतं, हे दोघांपैकी कोणीच तपासत नाही.

“मग कोणी आणली?” मुलीने विचारलं होतं. मी म्हटलं, शोधून सांगते.

हा प्रश्न मला एरवी इतका लागला नसता. पण त्याच महिन्यात आमच्या दहिसरच्या इमारतीला पुनर्विकासाची नोटीस आली होती. मे अखेरपर्यंत घरं रिकामी करायची होती. घराचं सामान हलवता येतं. आमच्या खिडकीखाली मेंदीची वीस फूट लांब, कमरेएवढी रांग होती, ती कशी हलवायची?

ती रांग अब्बांनी लावलेली. अब्बा खेड तालुक्यातले, नोकरी गोदीत. १९८४ साली दहिसर पूर्वेला तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा घेतली, कारण त्यापेक्षा अलीकडे परवडत नव्हतं. दहिसर मुंबई महापालिकेच्या हद्दीत आलं १९५७ साली, पण आम्ही राहायला आलो तेव्हाही पाहुणे ‘मुंबईबाहेर गेलात’ असंच म्हणायचे. खिडकीखाली मातीची पट्टी होती आणि तिथून कोणीही ये-जा करायचं. कुंपण हवं होतं, तारेला पैसे नव्हते. अब्बांनी गावाहून मेंदीच्या फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीने आणल्या. पावसाळ्यात वीत-वीत अंतरावर खोचल्या. निम्म्या जगल्या. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्याच फांद्यांनी मोकळ्या जागा भरल्या. तिसऱ्या वर्षी कुंपण झालं.

मेंदीचं झुडूप आपलं आपण सोडलं तर डोक्यावर जातं, विस्कटतं, खालून उघडं पडतं. नेमाने कापलं तर बुटकं, गच्च आणि बारा महिने हिरवं राहतं. अब्बा वर्षातून तीनदा कापायचे. पहिली कापणी होळीच्या सुमाराला, दुसरी पावसाच्या तोंडाशी, तिसरी दसऱ्यानंतर. भर पावसात कधीच नाही, कारण कापलेली टोकं ओलीच राहून काळी पडतात. त्यांचा एक नियम होता, कुंपणाची वरची बाजू खालच्यापेक्षा अरुंद ठेवायची. उलट झालं तर वरच्या पसाऱ्याच्या सावलीत खालची पानं गळतात आणि कुंपणाचे पाय दिसायला लागतात. त्यांना हे कोणी शिकवलं ठाऊक नाही. बागकामाचं पुस्तक त्यांनी आयुष्यात उघडलं नाही.

कापलेल्या फांद्यांची पानं अम्मीची. ती सावलीत सुकवायची, पाट्यावर वाटायची, त्यात चहाचं पाणी, लिंबू, कधी चिमूटभर कात. तळहातावर मधे एक गोल आणि बोटांना टोप्या, एवढीच नक्षी. वरून जुन्या कापडाच्या चिंध्या बांधून झोपायचं. पहिल्या मजल्यावरच्या काकू श्रावणात नागपंचमीच्या आदल्या दिवशी परडी घेऊन यायच्या. अम्मीला त्यांनी कधी विचारलं नाही, तोडू का म्हणून. अम्मीही विचारत नव्हती, कशाला म्हणून. ईद कधी कुठल्या महिन्यात येईल सांगता येत नाही, नागपंचमी मात्र श्रावणात ठरलेली, त्यामुळे अम्मी ज्येष्ठातच अब्बांना बजावायची, काकूंसाठी रस्त्याकडची बाजू कापू नका.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येते.

शोधायला लागले आणि थेट पुण्यात पोहोचले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी मेंदीच्या इतिहासावर इंग्रजीत लेख लिहून ठेवला आहे. त्याच्या नावातच कालखंड दिला आहे, इसवी सनापूर्वी २००० ते इसवी सन १८५०. गोडे मूळचे देवरुखचे, म्हणजे आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, जन्म १८९१चा. १९१९ साली संस्थेत आले ते १९६१ साली मरेपर्यंत तिथेच होते. चारशेहून जास्त लेख लिहिले. विषय कसले, तर जिलबी, शोभेची दारू, नथ. मोठमोठे पंडित वेदान्तावर भांडत होते तेव्हा हा माणूस पोथ्यांमधून जिलबी शोधत होता. मला हे फार आवडतं.

गोड्यांची रीत साधी आहे. मत आधी मांडायचं नाही. एका वस्तूचे जिथे जिथे उल्लेख सापडतील ते गोळा करायचे, प्रत्येकाला तारीख लावायची आणि ओळीने मांडायचे. ओळ कुठे तुटते ते आपोआप दिसतं. नथीच्या लेखात त्यांनी हेच केलं. मराठी बाईचा इतका सनातन वाटणारा दागिना, पण इसवी सन १०००च्या आधीच्या संस्कृत ग्रंथांत त्याचा पत्ता लागत नाही, असं त्यांनी १९३८ साली दाखवलं. त्यासाठी ते कोणाला रागावले नाहीत आणि नथ घालू नका असंही म्हणाले नाहीत. नथ तशीच राहिली, फक्त तिला जन्मतारीख मिळाली.

तीच रीत मी मेंदीला लावून पाहिली.

सगळ्यात जुने धागे इजिप्तकडे जातात. फेरो रामसेस दुसरा याचं शव १९७६ साली तपासणीसाठी पॅरिसला नेलं होतं. मरणानंतर शव टिकवताना त्याच्या केसांना मेंदीचा रंग दिला असावा, असा तिथल्या तपासणीचा निष्कर्ष होता. म्हणजे आज आपल्या मोहल्ल्यातले बुजुर्ग दाढीला जे लावतात, तेच तीन हजार वर्षांपूर्वी एका बादशहाच्या केसांना लावलं गेलं. हिब्रू भाषेतल्या ‘गीतरत्न’ या काव्यात मृत समुद्राकाठच्या एन-गेदी इथल्या मळ्यांमधल्या ‘कोफेर’च्या फुलांचा उल्लेख आहे, तीही मेंदीच. ग्रीकांनी तिला ‘किप्रोस’ म्हटलं. हदीसच्या तिर्मिजी आणि इब्न माजा या संग्रहांत सलमा नावाच्या सेविकेची रिवायत आहे की पैगंबरांना जखम झाली किंवा काटा टोचला तर त्या जागी मेंदी लावायला सांगत. लक्षात घ्या, इथे नक्षीचा विषयच नाही, विषय औषधाचा आहे.

हिंदुस्थानात काय दिसतं? सुश्रुतसंहितेत ‘मदयन्तिका’ नावाची वनस्पती आहे आणि आयुर्वेदाचे अनेक जाणकार ती मेंदीच मानतात. पण संस्कृत कोशांत ‘मदयन्ती’चा अर्थ मोगरा असाही दिला आहे, त्यामुळे तेवढ्यावर पैज लावता येत नाही. ‘मेन्धी’, ‘मेन्धिका’ ही नावं मात्र स्पष्ट आहेत आणि आपली मेंदी तिथूनच आली. अकबराच्या काळात अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त फुलांच्या याद्या दिल्या आहेत, त्यांत ‘गुल-ए-हिना’ आहे. तेव्हा ते इथल्या ओळखीच्या फुलांपैकी एक होतं. वनस्पतिशास्त्राची माणसं तर माणसाच्या आधीचाच हिशेब मांडतात. आफ्रिकेचा पूर्व कोपरा, अरबस्तान, इराणचा किनारा असा जो कोरडा उष्ण पट्टा आहे, त्यात काही जण पश्चिम भारतही धरतात. तसं असेल तर इथे कोणी आणायची गरजच नव्हती.

उर्दू शिकवणारी म्हणून मला यात एक गंमत दिसते. अरबीत मेंदीला ‘हिन्ना’, फारसीत ‘हना’. उर्दूत ‘हिना’ आला, पण तो शायरीत राहिला आणि अत्तराच्या बाटलीत राहिला. आमच्या घरात हाताला लागते ती मेहंदी. ती रात्र मेहंदीची, तो रस्म मेहंदीचा. मोहरमच्या सातव्या तारखेला कासिमच्या आठवणीत जी निघते तीही मेहंदीच. म्हणजे ज्या शब्दाने आम्ही आमचा सगळ्यात आनंदाचा आणि सगळ्यात दुःखाचा दिवस ओळखतो तो शब्द अरबी नाही, फारसीही नाही. तो इथला आहे, काकूंच्या परडीतल्या शब्दाचा सख्खा भाऊ. अत्तराचंही असंच. ‘हिना’ म्हणून जे अत्तर मिळतं ते कनोजला कित्येक मसाले आणि मुळ्या एकत्र करून काढतात, मेंदीचा त्यात नावापुरताच संबंध. फुलांचं असतं ते ‘गुल-हिना’. मेंदीच्या तुऱ्याचा वास ज्याने घेतला आहे त्याला दोन्हींत गल्लत होणार नाही. आमच्या खिडकीत तो रात्री यायचा, पिकलेल्या फळासारखा, थोडा मातकट.

शास्त्रीय नावातही एक माणूस लपला आहे. लिनियसने १७५३ साली या झुडपाला ‘लॉसोनिया इनर्मिस’ म्हटलं. लॉसन हा स्कॉटलंडचा डॉक्टर. लिनियस गरीब होता तेव्हा त्याचं १७३५चं पहिलं मोठं पुस्तक छापायला लॉसनने पैशांची मदत केली होती, त्या उपकाराची ही फेड. इनर्मिस म्हणजे बिनकाट्याची. पण लिनियसने ‘काट्यांची लॉसोनिया’ अशी दुसरी जातही नोंदवली होती. पुढे कळलं की दोन्ही एकच. मेंदी तरुणपणी बिनकाट्याची असते, म्हातारपणी तिच्या आखूड फांद्यांची टोकं कडक होऊन काट्यासारखी टोचतात. अब्बांचे हात शेवटच्या वर्षांत कापणी झाली की ओरखड्यांनी भरलेले असायचे. आणि गोत्र म्हणाल तर महाराष्ट्राचं राज्यफूल ताम्हण आणि आपलं डाळिंब, हे मेंदीचे भाऊबंद आहेत, एकाच कुळातले.

इथवर सगळं सुखाचं आहे. पण तारखांच्या ओळीत एक जागा अशी आली की मी थांबले. ती हिंदुस्थानातली नाही, स्पेनमधली आहे.

१४९२ साली ग्रनाडा पडलं आणि स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य संपलं. पुढच्या काही वर्षांत तिथल्या मुसलमानांना जबरदस्तीने ख्रिस्ती करण्यात आलं. त्यांना मोरिस्को म्हणत. धर्म बदलला, पण बोलणं, कपडे, न्हाणं, लग्नातली गाणी तीच राहिली. १५२६ साली (हो, पानिपतच्याच साली) या चालीरीतींवर बंदी घालायचं ठरलं, पण मोरिस्कोंनी पैसे भरून ती चाळीस वर्षं लांबवली. १५६७ साली राजा दुसरा फिलिप याच्या राजवटीत बंदी खरोखर जाहीर झाली. अरबी बोलायचं नाही, अरबी पोशाख नाही, हमाम बंद. आणि बायकांनी मेंदी लावायची नाही.

फ्रान्सिस्को नुन्येस मुले या वयस्कर मोरिस्को सरदाराने त्याविरुद्ध अर्ज लिहिला. तो अर्ज आजही उपलब्ध आहे. त्यातला मेंदीबद्दलचा मुद्दा माझ्या शब्दांत सांगते. मेंदी हा काही मुसलमानी विधी नाही, डोकं स्वच्छ राहावं आणि तब्येतीला बरं म्हणून बायका ती लावतात. विचार करा, एका म्हाताऱ्या माणसाला सरकारपुढे हे सिद्ध करावं लागलं की आमच्या बायकांच्या केसांना लागलेला पाला हा धर्म नाही. अर्ज मंजूर झाला नाही. १५६८च्या अखेरीस बंड झालं, ते मोडलं गेलं आणि १६०९ ते १६१४च्या दरम्यान मोरिस्कोंना स्पेनमधून हाकलून दिलं.

मेंदीचं नाव मात्र त्यांच्याबरोबर गेलं नाही. स्पॅनिशमध्ये ‘अल्हेन्या’ हा शब्द अजून आहे, अरबी ‘अल-हिन्ना’वरून आलेला. आणि तो वापरतात कशासाठी? कुंपणाला लावायच्या एका वेगळ्याच सदाहरित झुडपासाठीही. मेंदी लावणारी माणसं गेली आणि त्यांचा शब्द कुंपणाला चिकटून राहिला.

मुंबईत काय वेगळं आहे? कोणत्याही सोसायटीत कापून चौकोनी केलेल्या हिरव्या रांगेला लोक ‘मेंदी’ म्हणतात. जवळ जाऊन पाहिलं तर ती असते पिवळट पानांची ड्युरांटा नाहीतर कोयनेल, वनजाई. खऱ्या मेंदीचं पान चुरगाळून बोटाला लावलं की थोड्या वेळाने डाग पडतो, यांच्या पानाने काही होत नाही. माझ्या वर्गातल्या चाळीस मुलांना मी विचारलं, खरी मेंदी झाडावर कोणी पाहिली आहे? सहा हात वर आले. बाकीच्यांनी ती कोनातच पाहिलेली. मराठी घराघरांत मेंदीच्या पानावरचं सुरेश भटांचं, लताबाईंनी गायलेलं गाणं पाठ आहे, आणि ते पानच कोणाला ओळखू येत नाही.

कोनाचं निघालंच आहे तर २०१२ची चांदरात सांगायला हवी. त्या ऑगस्टमध्ये रमजान ईदच्या आदल्या रात्री मुंबईच्या अनेक वस्त्यांत बातमी पसरली की बाजारातल्या मेंदीने विषबाधा होते आहे. मशिदींच्या भोंग्यांवरून हात धुवा म्हणून सांगितलं गेलं. शेकडो बायका-मुली हॉस्पिटलांत धावल्या. बहुतेकींना तपासून, धीर देऊन घरी सोडलं, घबराटच जास्त होती. आमच्या दारातही त्या रात्री चार-पाच पोरी रडत आल्या. अम्मी तेव्हा होती. तिने त्यांचे हात धुतले, खिडकीखाली नेलं आणि टॉर्च लावून झुडूप दाखवलं, “ही बघा मेंदी. हिला काळा रंग येतो का कधी?”

अफवा खोटी होती, अम्मीचा प्रश्न खरा होता. मेंदीच्या पानात रंगद्रव्य असतं, त्याचं नावही लॉसनवरूनच ‘लॉसोन’. ते हळूहळू त्वचेला धरतं. धुतल्यावर हात नारिंगी दिसतो, दुसऱ्या दिवसापर्यंत गडद होत तांबूस-तपकिरी होतो. काळा कधीच नाही आणि अर्ध्या तासात तर नाहीच नाही. ‘काळी मेंदी’ म्हणून जे विकतात त्यात बहुधा केसांच्या डायमधलं पीपीडी हे रसायन असतं आणि त्याने खरोखर फोड येतात, काहींना कायमचा डाग राहतो. लग्नाच्या आदल्या दिवशी मुलीच्या हाताला हे लावणं म्हणजे जुगार आहे. माझं ऐकायचं नसेल तर निदान अम्मीचं ऐका.

एक मात्र मान्य करते. आमच्या दहिसरच्या मेंदीचा रंग राजस्थानच्या मेंदीइतका चढत नाही. पाली जिल्ह्यातल्या सोजतची मेंदी, जिला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती कोरड्या मातीत आणि कडक उन्हात वाढते. पाणी कमी आणि ऊन जास्त, म्हणून पानात रंग जास्त. आमच्याकडे चार महिने पाऊस. म्हणून अम्मी पावसाळ्यातली लुसलुशीत पानं साठवणीला घेत नसे, एप्रिल-मेची जाडसर पानं घ्यायची. अति लाड केले, शेणखत आणि पाणी भरपूर घातलं, की झुडूप हिरवंगार होतं आणि रंग फिका पडतो. तिला थोडी उपासमार मानवते. मुळाशी पाणी साचलेलं मात्र चालत नाही. २६ जुलै २००५ला दहिसर नदीचं पाणी आमच्या खिडकीपर्यंत आलं, घरातलं कपाट, गाद्या, माझी बीएडची सगळी टिपणं गेली. अब्बांनी दुसऱ्या दिवशी घर साफ करायच्या आधी कुदळीने कुंपणालगत चर काढून पाणी वाहतं केलं. अम्मी इतकी चिडली होती! गाद्या गेल्या त्या गेल्या. कुंपण वाचलं.

तर नोटीस आली तेव्हा अब्बा नव्हते, अम्मीही नव्हती. पुनर्विकासाच्या मीटिंगमध्ये नव्या इमारतीचा नकाशा भिंतीवर लावला होता. बागेच्या जागी कडेने हिरवी पट्टी आणि खाली लिहिलेलं, ड्युरांटा. मी हात वर करून म्हटलं, तिथे आपली जुनी मेंदी लावता येईल का? एक गृहस्थ हसून म्हणाले, “ती तुमच्या लोकांची मेंदी ना, ती तुम्ही घेऊन जा की.” वाईट बोलायचं म्हणून बोलले नसावेत. पण मला नुन्येस मुले आठवला. अर्ज कसा लिहायचा, काय सिद्ध करायचं, मनात वाक्यं जुळायला लागली. तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला. वय सत्त्याहत्तर, मीटिंगमध्ये एरवी बोलत नाहीत. “त्यांच्या लोकांची कशी? चाळीस वर्षं मी तोडतेय ती.” पुढचा विषय पार्किंगचा होता, तो तासभर चालला.

झुडपं मुळासकट हलवणं शक्य नव्हतं. चाळीस वर्षांची मुळं फरशीखाली गेली होती. बी पेरायचं तर ते मोहरीहून बारीक आणि टणक, काही दिवस पाणी बदलत भिजवावं लागतं, आणि बियांपासून आलेलं रोप आईसारखंच निघेल याची खात्री नाही. फांदीपासून मात्र तेच झाड पुढे चालू राहतं. अब्बांनी खेडहून आणलेलं तेच, आणि खेडला ज्याने कुठून आणलं असेल त्याचंही तेच. अडचण हंगामाची होती. फांद्या लावायचे दिवस पावसाळ्याचे, आणि आमच्या हातात मे महिना.

पेन्सिलीएवढ्या जाड, पक्क्या पण करड्या न झालेल्या, वीतभर लांब अशा चौदा फांद्या कापल्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. खालची पानं काढली, वर चारच ठेवली. निम्मी वाळू, निम्मी माती, खत अजिबात नाही. खत घातलं तर मुळं फुटायच्या आधी काप कुजतो. प्रत्येक कुंडीवर तळ कापलेली पाण्याची बाटली उपडी घातली, झाकण उघडं ठेवून, म्हणजे आत ओल राहते आणि उकडत नाही. सात कुंड्या मी भाड्याच्या घरी नेल्या, सात काकूंनी मुलाकडे बोरिवलीला.

दहा दिवसांत माझ्या सगळ्या फांद्यांना बारीक पालवी आली आणि मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले. फसले. फांदीत साठलेल्या रसावर पालवी फुटते, तिचा मुळांशी संबंध नसतो. तिसऱ्या आठवड्यात पालवी माना टाकायला लागली. मूळ धरलं की नाही हे पाहायचं तर फांदी हलकेच वर ओढून पाहायची. आतून धरून ठेवल्यासारखं वाटलं तर मूळ आहे. चार तशाच हातात आल्या, बुडाशी काळ्या पडलेल्या.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. ती मुलगी आठवीत गेली होती. मी तिला गाठून सांगितलं, इजिप्तचं, ग्रनाडाचं, गोड्यांचं, सगळं. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे कोणी आणली ते नक्की नाही. मग प्रकल्पात काय लिहू?” मी म्हटलं, जेवढं नक्की आहे तेवढं लिही. तिने जुनी वही काढून लाल रेघेखाली लिहिलं, ‘आमच्याकडे मेंदी माझ्या नानीने आणली. नानीने ती तिच्या शेजारणीकडून घेतली.’ मी तिला पूर्ण मार्क दिले, आठवीच्या मुलीला सातवीच्या प्रकल्पाचे.

इमारत जुलैत पाडली. मी त्या बाजूला गेले नाही. माझ्या उरलेल्या तीन फांद्यांनी पाऊस सुरू झाल्यावर मूळ धरलं, त्यातल्या एकीवर अळी पडली होती, ती रोज सकाळी हाताने वेचते. नागपंचमीच्या आदल्या दिवशी काकूंचा फोन आला. त्यांच्या सातपैकी सहा जगल्या. “पानं अजून तोडण्याजोगी नाहीत,” त्या म्हणाल्या, “तुझ्याकडची कशी आहेत?” माझ्याकडची पण नव्हती. शेवटी त्यांनी नातीसाठी कोन आणला. मी फोनवर विचारलं, “काळा नाही ना?” तर म्हणाल्या, “अगं, तुझ्या अम्मीने मला काय सांगितलं नव्हतं होय?”